मोठ्या एसयूव्हीत दणके बसतायत? आधी हवा बघा, शॉकअप नंतर

आईला मणक्याचा त्रास आहे आणि आमची गाडी सात सीटर, चासीवाली (म्हणजे बॉडी वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली), दोन टनांच्या वरची डिझेल एसयूव्ही. घेताना सगळे म्हणाले एवढी मोठी गाडी घेतोयस, खड्डे कळणारसुद्धा नाहीत. मग पहिल्यांदा कोल्हापूरला निघालो, आई मधल्या सीटवर, आणि खेड शिवापूरचा टोल यायच्या आत मागून आवाज आला, "अरे जरा हळू घे ना, कंबरेत कळ जातेय." मी साठनेच चालवत होतो आणि मला स्टेअरिंगवर काहीच जाणवत नव्हतं. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि जे कळलं ते इथे नीट लिहून ठेवतोय, कारण घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर हा प्रश्न गंभीर आहे.

आधी माझं काय चुकलं ते सांगतो. मी थेट एका वर्कशॉपमध्ये गेलो, म्हटलं गाडी मागे आदळते, त्यांनी खाली न बघताच चारही शॉकअप बदलायला सांगितले आणि मी बदललेसुद्धा. भरपूर पैसे गेले, त्रास जवळपास तेवढाच राहिला. नंतर भोसरीतल्या एका वयस्कर मेस्त्रींकडे गाडी नेली, त्यांनी गाडी लिफ्टवर घ्यायच्या आधी खिशातून गेज काढला आणि चारही टायर तपासले. चाळीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर हवा होती. मला म्हणाले, "साहेब, दगडावर बसून प्रवास करताय तुम्ही, शॉकअप काय करणार त्याला?" मग लिफ्टवर घेतल्यावर पुढच्या एका लोअर आर्मचा (चाकाला चासीशी जोडणारा खालचा लोखंडी दांडा) बुश, म्हणजे जोडातलं रबर, फाटलेला निघाला. हवा बरोबर केली, बुश बदलले, आणि गाडीत जमीन-अस्मानाचा फरक पडला. म्हणून क्रम डोक्यात पक्का बसवा, हवा, मग टायर, मग बुश आणि लिंक, मग शॉकअप, आणि स्प्रिंगला हात सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात.

पण त्याच्याही आधी एक काम करा, स्वतः मागे बसा. गाडी दुसऱ्या कोणालातरी चालवायला द्या आणि तुम्ही अर्धा तास मधल्या सीटवर आणि अर्धा तास शेवटच्या सीटवर बसून फिरा. ड्रायव्हरला खड्डा आधी दिसतो, त्याचं अंग आपोआप सावध होतं, हातात स्टेअरिंगचा आधार असतो, म्हणून गाडी चालवणाऱ्याला गाडीचा त्रास कधीच पूर्ण कळत नाही. मी शेवटच्या सीटवर बसून कात्रज-कोंढवा रोडने एक चक्कर मारली तेव्हा मला आईचं म्हणणं पटलं.

मागे बसलात की त्रास नेमका कुठला ते ओळखा, कारण सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो, "गाडी हार्ड आहे". बारीक थरथर आणि टकटक सतत येत असेल, रस्ता दिसायला गुळगुळीत असूनसुद्धा, तर संशय हवेवर आणि टायरवर घ्या. खड्ड्यात एकच मोठा दणका आणि सोबत "ठक्" असा लोखंडी आवाज येत असेल तर बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा शॉकअपचं वरचं माउंटिंग. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा वरखाली होऊन थांबायच्या ऐवजी दोन-तीनदा हिंदकळत राहत असेल तर मात्र शॉकअप थकलाय. आणि डोकं डावीकडे-उजवीकडे फेकलं जात असेल, म्हणजे एकच चाक खड्ड्यात गेलं तरी अख्खी गाडी झोला मारते, तर तो बराचसा गाडीच्या रचनेचा भाग आहे, त्याच्यावर गॅरेजमध्ये फार उपाय नाही, चालवण्यात आहे, त्यावर खाली येतो.

आता हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावर पुढची-मागची हवा, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी असे आकडे दिलेले असतात, तोच आकडा खरा. टायरच्या बाजूला जो मॅक्स प्रेशर छापलेला असतो तो भरायचा नसतो, ती टायरची मर्यादा आहे. पेट्रोल पंपावर मोठी गाडी दिसली की पोरगा सवयीने जास्त हवा भरतो, "साहेब मोठी गाडी आहे, पस्तीस-चाळीस लागतेच". त्याला आकडा आपणच सांगायचा. आणि हवा थंड टायरला बघायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना, नाहीतर हायवेवरून आल्यावर आकडा फुगलेला दिसतो. तापमानाचंही लक्षात ठेवा, साधारण साडेपाच-सहा अंशाला एक पीएसआय असा हिशोब असतो, म्हणजे डिसेंबरातल्या पहाटे १२ अंशात आणि एप्रिलच्या दुपारी ३८ अंशात तोच टायर चार-पाच पीएसआयचा फरक दाखवतो. त्यामुळे ऋतू बदलला की एकदा तपासा. स्वतःचा गेज घ्या, पंपावरच्या मीटरवर विसंबू नका. नायट्रोजन भरला म्हणून राइड मऊ होत नाही, प्रेशर तेवढंच असेल तर दणका तेवढाच बसतो. आणि राइड मऊ हवी म्हणून स्टिकरच्या खालीही जाऊ नका, एवढ्या जड गाडीत कमी हवेने टायर तापतो आणि खड्ड्यात रिम वाकतो.

टायरबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथेच लोक स्वतःच्या हाताने गाडी बिघडवतात. समजा टायर २६५/६० आर१८ आहे. म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर आणि साइडवॉल, म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंतचं रबर, त्याच्या ६० टक्के, १५९ मिलिमीटर. हे रबर आणि त्यातली हवा म्हणजे तुमची पहिली स्प्रिंग आहे, खाली लोखंडाची स्प्रिंग हलायच्या आधी ही दबते. आता दिसायला छान म्हणून कोणी २० इंची अलॉय टाकले आणि २६५/५० आर२० टायर चढवला तर साइडवॉल उरते १३२.५ मिलिमीटर. सव्वीस मिलिमीटर गादी काढून टाकली, वर अलॉयचं वजनही बहुतेक वेळा वाढतं. उलट २६५/६५ आर१७ बघा, साइडवॉल १७२ मिलिमीटर, आणि टायरचा बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच, एका मिलिमीटरचा काय तो फरक, त्यामुळे स्पीडोमीटरही बिघडत नाही. तुमच्या गाडीच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनी १७ देत असेल आणि ब्रेकवर तो रिम बसत असेल तर आरामासाठी १७ वर उतरणं हा मला सगळ्यात प्रामाणिक अपग्रेड वाटतो, पण लोकांना तो दिसायला मागे गेल्यासारखा वाटतो म्हणून कोणी करत नाही.

टायरचं वयही बघा. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं, नख रुतत नाही, आणि आपल्याकडे बऱ्याच मोठ्या एसयूव्ही वर्षाला कमीच चालतात, त्यामुळे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. आणि नवीन घेताना ऑल टेरेन घ्यायचा मोह होतो, त्यात एलटी लिहिलेले टायर तर जाड थरांचे आणि कडक असतात, ते दगडधोंड्यांत गाडी घालणाऱ्यांसाठी. हिंजवडी ते कोथरूड आणि महिन्यातून एकदा गावाला एवढंच असेल तर हायवे टेरेन घ्या, कंबर आणि कान दोन्ही सुखात राहतात.

बुश. हे रबराचे छोटे नळीसारखे तुकडे, लोखंडी आर्म आणि चासी यांच्यामध्ये बसलेले, आणि बारीक कंपनं गिळायचं काम यांचंच. ते फाटले की लोखंडावर लोखंड येतं. तपासायचं कसं, तर गाडी लिफ्टवर घेऊन टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म हळूच दाबून बघायचा, रबराला भेग, बुश एका बाजूला सरकलेला, असं काही दिसलं तर बदला. लिंक रॉड हाताने हलवून बघायचा, खटखट वाजला की गेला. हे स्वस्त पार्ट आहेत, नाना पेठेत किंवा कुठल्याही मोठ्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात, पण शक्यतो ओरिजिनलच घ्या, बाहेरचे कडक रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे बुश टिकतात जास्त पण टकटक आत सोडतात.

आणि आता एक गोष्ट जी मला त्या मेस्त्रींनी शिकवली आणि जी मी तेव्हापासून प्रत्येक गॅरेजमध्ये स्वतः उभा राहून करून घेतो. लोअर आर्मचे बुश बदलल्यावर त्याचे मोठे बोल्ट पूर्ण ताकदीने कसायचे ते गाडी चाकांवर उभी असतानाच, लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना नाही. कारण चाक लोंबकळतं तेव्हा आर्म खाली झुकलेला असतो, तिथे बोल्ट कसला की बुशचं रबर त्या स्थितीत पकडलं जातं, मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. राइड कडक लागते आणि नवा बुश लवकर फाटतो. लिफ्टवर फक्त हाताने बसवायचे, गाडी खाली घेऊन पुढे-मागे ढकलायची, मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या ताकदीनेच कसणारा पाना) कसायचे. आणि सर्व्हिसिंग झाल्यावर खालून ऑइल किंवा डिझेल फवारून "चकाचक" करून देतात ते सरळ नाही म्हणा, खनिज तेलाने रबर फुगतं आणि खराब होतं. धुवायचं तर पाण्याने आणि साध्या शाम्पूने.

शॉकअपबद्दल मोठा गैरसमज असा की तो दणका शोषतो. दणका स्प्रिंग घेते, शॉकअपचं काम स्प्रिंगला हिंदकळत राहू न देण्याचं, आतलं तेल बारीक छिद्रांतून जायला भाग पाडून तो तिची ऊर्जा उष्णतेत घालवतो. म्हणून शॉकअप गेला की गाडी कडक नाही होत, उलट बेलगाम होते, डुलते, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते, आणि मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबून जंपिंग रबरवर (शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) आदळते, तो दणका मात्र भयानक असतो. बॉनेटचा कोपरा दाबून बघायची जुनी पद्धत या जड गाड्यांत फारशी उपयोगी नाही, एवढी जड गाडी हाताने नीट हलतच नाही. त्यापेक्षा शॉकअपच्या अंगावर बघा, थोडी तेलकट ओल आणि तिच्यावर धूळ चिकटलेली चालते, तेल ओघळत असेल तर गेला. टायरवरून तळहात फिरवा, नक्षीत उंच-सखल लाटा लागल्या तर चाक रस्त्यावर उड्या मारतंय. बदलायचे तर जोडीने, दोन पुढचे किंवा दोन मागचे, एकटा कधीच नाही, आणि वरचं माउंटिंग व जंपिंग रबर त्याच वेळी बघून घ्या कारण मजुरी तीच असते.

स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबराचे बफर दुकानात मिळतात, "गाडी वर उचलेल, खाली घासणार नाही" म्हणून विकतात. ते वेढे काम करायचे थांबवतात, म्हणजे स्प्रिंग आणखी कडक होते. घरात पाठीचा पेशंट असेल तर हे अजिबात लावू नका. लिफ्ट किटचंही तसंच, गाडी उंच झाली की डोकं आणखी लांब फेकलं जातं.

आता मोठी गाडी असूनही दणके का, ते एकदा समजून घ्या म्हणजे विकत घेताना फसणार नाही. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन या गाड्यांची बॉडी वेगळ्या चासीवर बसते आणि मागचा ॲक्सल सलग असतो, त्यात डिफ्रन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) लोखंडी गोळा. एक चाक उचललं की त्याचा हिसका दुसऱ्या चाकाला लागतो, आणि स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन जास्त असलं की स्प्रिंगला ते आवरणं जड जातं. त्यात मागच्या स्प्रिंगा सात माणसं आणि सामान धरून केलेल्या, म्हणून एकट्याने चालवताना मागचा भाग उड्या मारतो आणि गाडी भरली की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. एक्सयूव्ही७००, कोडियाक यांची बॉडी एकसंध, मागची चाकं स्वतंत्र, ती शहरात तुलनेने शांत लागतात. सफारी मधली, बॉडी एकसंध पण मागे अर्धस्वतंत्र. याचा अर्थ चासीवाली वाईट असं नाही, स्कॉर्पिओ-एनला मागे वॅट्स लिंकेज दिलंय ज्याने ॲक्सल बाजूला न सरकता सरळ वरखाली होतो, आणि काही व्हेरिएंटना असे शॉकअप मिळतात जे बारीक खडबडीत मऊ आणि मोठ्या झोल्यात घट्ट होतात, तेही इलेक्ट्रॉनिक्सशिवाय, फक्त आतल्या जादा व्हॉल्व्हने. अमेरिकेतल्या खरोखर अजस्त्र गाड्या, शेवरोले टाहो आणि सबर्बन, यांनीसुद्धा २०२१ मॉडेलपासून मागचा सलग ॲक्सल सोडून स्वतंत्र सस्पेन्शन घेतलं, आणि त्यामुळे तिसऱ्या रांगेची फरशी खाली आली, पाय ठेवायला जागा झाली. एअर सस्पेन्शनवाली (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असलेली) सेकंडहँड गाडी बघत असाल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी बघा, एखादा कोपरा बसलेला असेल तर हवेचा फुगा गळतोय, आणि तो खर्च मोठा असतो.

एक आकडा मला फार उपयोगी पडला. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेचा हादरा सगळ्यात जास्त झोंबतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा येणारा. गाडीची बॉडी स्प्रिंगवर साधारण सेकंदाला एक-दीड वेळा हलते, ती अंगाला सोसते. आता सिमेंटचा रस्ता घ्या, स्लॅबचे जोड साडेचार मीटरवर धरले आणि तुम्ही शंभरने चाललात तर सेकंदाला सहा टकटक, बरोबर त्या वाईट पट्ट्यात. एक्सप्रेसवेवर काहीच खड्डे नसताना पाठ का दुखते त्याचं हे एक कारण. इथे स्प्रिंग मऊ टाकून फार काही होत नाही, टायरची हवा, बुशचं रबर आणि सीटचा फोम हेच कामाला येतात. आईच्या कंबरेमागे आम्ही आता घट्टसर फोमची उशी ठेवतो, फार मऊ उशी नको, ती दबून जाते.

कुठे बसवायचं हा अर्धा उपाय आहे. शेवटची रांग मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर असते, प्रत्येक खड्डा तिथे पूर्ण पोहोचतो. मधली रांग दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, तिथे सगळ्यात कमी. पाठीचा त्रास असलेल्या माणसाला मधल्या रांगेत, पाठ थोडी मागे रेलून, दोन्ही पाय जमिनीला टेकतील असं बसवा, टेकत नसतील तर खाली छोटा पाट ठेवा. घाटात उलटी होणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, ती मळमळ फार सावकाश डुलण्याने होते, दर पाच सेकंदाला एक झोला अशा, त्यांना पुढे बसवा आणि लांब रस्त्याकडे बघायला सांगा. ताम्हिणीत किंवा खंबाटकीत वळणाच्या आत ब्रेक मारण्यापेक्षा वळणाच्या आधी वेग कमी करून एकसारखं वळा, मागच्यांना लगेच फरक कळतो.

गतिरोधकावरही तेच. नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ताशी २५ ने आरामात जाता येईल असा हवा, पण सोसायट्यांच्या बाहेर आपल्याला भेटतात ते अरुंद टेकाडासारखे. आपण शेवटच्या क्षणापर्यंत ब्रेक दाबून ठेवतो, त्याने वजन पुढे येतं, पुढच्या स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात आणि दणका घ्यायला जागाच उरत नाही. ब्रेक आधी मारा, चाक चढायच्या जरा आधी सोडून द्या. आणि तिरकी गाडी घालू नका, गाडी घासत नसेल तर सरळच जा, तिरकं गेलं की एक-एक चाक चढतं आणि उंच गाडीत डोकी डावी-उजवीकडे फेकली जातात. मणक्याच्या माणसाला तो पिळा उभ्या दणक्यापेक्षा जास्त त्रास देतो, हे आईनेच मला सांगितलं.

नवीन गाडी बघायला जाल तेव्हा शोरूमवाला गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून आणतो, ती फेरी निरुपयोगी आहे. आधी हवा तपासायला सांगा. मग पेठांमधली एखादी गल्ली, एखादा रस्ता ज्यावर चर खणून बुजवलेत, चार-पाच गतिरोधक, बायपासवर ऐंशीचा वेग, आणि जमलं तर जुन्या कात्रज घाटाची वळणं, एवढं सगळं करून घ्या, आणि ज्याच्यासाठी गाडी घेताय त्या माणसाला मधल्या सीटवर बसवून. आम्ही मागच्या वेळी आईला न्यायलाच विसरलो होतो.

आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या, बुश किंवा आर्म बदलला की टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) हलतोच, प्रिंटआउट मागा आणि आधीचे-नंतरचे आकडे स्वतः बघा. जुने पार्ट परत मागून घ्या, फाटलेला बुश हातात घेऊन बघितला की पुढच्या वेळी काय शोधायचं ते डोळ्यांना कळतं. मग आठवड्याभराने, दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर, पुन्हा एकदा मागच्या सीटवर जाऊन बसा आणि तोच रस्ता घ्या.